तिसऱ्याचा हात

साच्यातून आधी बाहेर आला तो अंगठा, आणि तो तिचाच होता. तिला ते ठाऊक होतं. माप घेताना आपला हात त्या टबात होता हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तरीही रबरासारखा झालेला तो गुलाबी थर सोलता सोलता नखाची कड दिसली, मग नखावरची उभी चीर दिसली आणि तिचे हात थांबले. तिनं स्वतःचा अंगठा दिव्याखाली धरून पाहिला. तीच चीर. वर्षानुवर्षं प्लास्टर कालवून नखं अशी कोरडी पडतात आणि चिरतात. दातांच्या कॉलेजच्या त्या लांबट खोलीत कवळ्या करण्यात तिचा जन्म गेला होता. माणसांची तोंडं तिला उलट्या बाजूनं ओळखीची होती. जिथे दात तिथे खड्डा, जिथे खड्डा तिथे उंचवटा. साचा म्हणजे वस्तू निघून गेल्यावर उरलेली तिची जागा, असं ती नवीन मुलींना सांगत असे, आणि मुली मान डोलवत, कारण परीक्षेत ते विचारत नसत. पण स्वतःच्या शरीराचा एवढासा तुकडाही तिनं आजवर असा ओतलेला पाहिला नव्हता. दुसऱ्याच्या घरात शिरावं आणि दाराशी आपलीच चप्पल दिसावी तसं तिला झालं. खरं म्हणजे यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. ती घाबरलीही नव्हती. फक्त पुढे सोलायचं की नाही हे तिला ठरवता येईना.

ती लढाई होऊन इतकी वर्षं लोटली होती की आता ती शाळेच्या पुस्तकात दोन परिच्छेदांपुरती उरली होती. नदीपलीकडचा मुलूख, थंडी, उडवलेला पूल, आणि शेवटी तह. त्या लढाईत लढलेले शहरात तीनच जण जिवंत आहेत असं कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि मग सगळ्यांना एकदम घाई झाली. नगर कचेरीतला एक अधिकारी कॉलेजात आला. गुळगुळीत दाढी, बोलणं त्याहून गुळगुळीत. त्याचं प्रत्येक वाक्य ‘होऊन जाईल’ वर संपे, म्हणून तो गेल्यावर प्रयोगशाळेत त्याला होऊनजाईल साहेब असंच नाव पडलं. पुतळे काय सगळ्यांचेच होतात, त्याचं म्हणणं, आपण तिघांचे उजवे हात धातूत ओतून सभागृहाच्या भिंतीवर बसवू. ज्या हातांनी देश राखला ते हात. लोक येता-जाता हात लावतील. छान होऊन जाईल. शिल्पकार वेळेवर मिळेना. तेव्हा प्राचार्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं की आमच्या ताई आहेत की, तोंडात हात घालून माप घेतात, नुसत्या हाताचं काय घेऊन बसलात. ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की प्राचार्यांनाच जरा चुकल्यासारखं झालं. कुठल्याही नव्या कामाला आधी नाही म्हणायचं, मग दोन दिवसांनी स्वतःहून सुरुवात करायची, ही तिची नेहमीची रीत.

कारण होते आप्पा. आप्पा, म्हणजे तिचे वडील, त्या लढाईत होते. निदान आई तसं म्हणे. ‘तुझे वडील नदीवर होते,’ एवढं एकच वाक्य, भांडी घासताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, जणू नदीवर आंघोळीला गेले होते. आप्पांनी स्वतः कधी ताकास तूर लागू दिली नाही. पदक नाही, गणवेश नाही, एखादा जुना पट्टासुद्धा नाही. दादाचं मत वेगळं होतं. दादा तिच्याहून पुष्कळ मोठा, आणि मोठ्या भावांना असते तशी त्याला घरच्या भूतकाळावर मालकी होती. तो म्हणे की आप्पा कुठले नदीवर, आप्पा मागे कोठारात, घोंगड्यांचे गठ्ठे बांधायला. आईला आपला नवरा नदीवर असायला हवा होता, म्हणून तिनं नेऊन ठेवला. ती दोन्ही गोष्टी ऐकत मोठी झाली. आई गेली, आप्पा त्याच्या आधीच गेले होते, आणि हा प्रश्न घरात जुन्या कपाटासारखा राहिला. कुणी उघडत नव्हतं, कुणी हलवतही नव्हतं. दादाला तो फालतू वाटे. आता काय फरक पडतो, तो म्हणे. तिला पडत होता. आप्पा नदीवर असतील, तर त्यांचं जन्मभर गप्प राहणं समजण्यासारखं होतं. कोठारात असतील, तर ते नुसतेच गप्प होते, आणि गप्प होते ते तिच्याशी. पन्नाशी कधीच उलटलेल्या बाईनं अशा गोष्टीचा घोर लावून घेऊ नये हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

पहिल्याकडे गेली तेव्हा तिला आशा होती. हा एकेकाळचा ट्रकचालक. अजूनही खुर्चीत बसल्या बसल्या पाय गिअर बदलल्यासारखा हलवायचा. त्यानं हात टबात घातला आणि ती पूड कशाची म्हणून विचारलं. समुद्रातल्या शेवाळाची, तिनं सांगितलं. पाण्यात कालवली की आधी दह्यासारखी होते, मग खरवसासारखी, आणि एकदा धरली की पुन्हा सैल होत नाही. ‘म्हणजे लग्नासारखी,’ म्हातारा म्हणाला आणि आतल्या खोलीकडे बघून डोळा मिचकावला, जरी आत कुणी नव्हतं. नदीचं विचारल्यावर त्यानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं की मी पुलाच्या अलीकडचा; पूल उडाला आणि आम्ही अलीकडेच राहिलो; पलीकडे गेले ते निराळे. दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. त्याचा हात मात्र इतका स्थिर, की माप घेताना तो झोपला होता हे तिला हात बाहेर काढायला सांगताना कळलं. त्याच्या मुलानं पाटीवर मोठ्या अक्षरात आप्पांचं नाव लिहून त्याच्यासमोर धरलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं, अक्षर चांगलं आहे म्हणाला, आणि पाटी परत दिली.

तिसरा खाटेवरच होता. घर तिसऱ्या मजल्यावर; खोलीत उन्हाचा एक पट्टा आणि औषधांचा वास. त्याची सून त्याचं सगळं करायची. मुलगा दूरच्या गावी नोकरीला, म्हणून ही दोघंच. सून रुंद हाडाची, आवाज खणखणीत, ‘बाबा, दातवाल्या ताई आल्यात’ असं तिनं कानाशी सांगितलं तर म्हाताऱ्यानं निमूटपणे तोंड उघडलं. दोघी हसल्या. मग सून म्हणाली की कधी ओळखतात, कधी नाही. परवा मला हवालदार म्हणत होते. मीही सलाम ठोकला, उगाच कशाला वाद. आणि ती पाणी तापवायला निघाली तेव्हा हिनं तिला सांगितलं की तापवू नका, गार पाणीच हवं; गार पाण्यात हे उशिरा धरतं, आपल्याला वेळ मिळतो. वेळ लागणारच होता. म्हाताऱ्याचा हात थरथरत होता, आणि ती थरथर बारीक नव्हती. पाण्यात टाकलेल्या माशासारखा तो हात टबात या काठाकडून त्या काठाकडे जात होता. पहिलं माप बिघडलं. बोटं निघाली ती धुक्यात दिसावीत तशी, एकेका बोटाच्या जागी तीन-तीन. दुसरंही बिघडलं. पूड एकाच वेळेपुरती उरली. कवळीचं माप घेताना कुणाला उमासे आले तर ती खांद्यावर हात ठेवते. तेवढ्यानं माणूस थांबतो. म्हणून तिसऱ्या वेळी तिनं बाही वर केली आणि आपला हात त्याच्या हाताशेजारी टबात सोडला. फक्त मनगट स्थिर धरायचं, मिश्रण घट्ट व्हायला लागलं की अलगद काढून घ्यायचं. जागा भरून येते. हे शक्य होतं. तिनं मनात त्याचा क्रमही लावला होता.

पण आत, त्या गार गुळगुळीत गाळात, जिथे काही दिसत नव्हतं, म्हाताऱ्याच्या हातानं तिचा हात शोधला. बोटांनी बोटं चाचपली, तळहातावरून पुढे सरकली, आणि मग त्यानं तिचं मनगट धरलं. पंजा नाही, मनगट. थरथर जागच्या जागी थांबली. आणि तिला एकदम आठवलं, खरं तर तिला नाही, तिच्या मनगटाला आठवलं, की आप्पा असंच धरत. रस्ता ओलांडताना बाकीच्या मुलींचे वडील त्यांचा पंजा आपल्या पंजात घेत; आप्पा मनगट पकडत, चोराला पकडावं तसं. शाळेच्या फाटकाशी तिला त्याची लाज वाटे. एकदा तिनं हात झटकलाही होता. आईला तिनं विचारलं होतं की आप्पा मला असं का धरतात, आणि आई म्हणाली होती की पंजा निसटतो. ती तेव्हा समजली होती ते इतकंच, की आपण निसटून जाणाऱ्यांपैकी आहोत असं आप्पांना वाटतं. शेवटच्या आजारात तिनं त्यांच्या पलंगाशी बसून हात पुढे केला तेव्हाही त्यांनी मनगटच धरलं होतं, आणि तिला वाटलं होतं की ते तिची नाडी बघताहेत, आजारी कोण आहे हे विसरून. आता या परक्या म्हाताऱ्याच्या मुठीत तिचं मनगट होतं, आणि तिच्या मुठीत त्याचं. पुरातून पलीकडे जायचं तर असंच धरायला शिकवत असतील का? ओला पंजा निसटतो, मनगट निसटत नाही. हे तर साधं घर्षणाचं गणित होतं. मग आप्पा नदीवर होते. की हे सगळ्यांनाच शिकवत, कोठारातल्यांनासुद्धा, कवायतीत, कोरड्या मैदानावर? मिश्रण अजून मऊ होतं. हात काढता आला असता. तिनं काढला नाही. तो कामासाठी तिथे ठेवला की स्वतःसाठी, याचा विचार तिनं पुढे पुष्कळ केला, आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं आलं.

म्हातारा तेव्हा बोलला. डोळे छताकडे, आवाज तरुण माणसाचा असावा तसा घाईचा. ‘लांब्या, सोड आता. पोचलो आपण.’

गाळ बोटांभोवती आवळत चालला होता. आता हललं तर सगळंच फुकट. तिच्या तोंडून निघून गेलं, ‘अजून नाही. थोडं धरून राहा.’ आणि म्हाताऱ्यानं हो म्हटल्यासारखी मान हलवली आणि धरून राहिला, शिस्तीत, हुकूम मिळाल्यासारखा. सून दारात कप घेऊन उभी होती. तिच्या लेखी या खोलीत रोजच कुणी ना कुणी नदी ओलांडत असे. नंतर दोन्ही हात सोडवायला बराच वेळ लागला. एकेक बोट, साच्याला धक्का न लावता. ओल्या थराला हवा लागली की तो आकसतो, म्हणून प्लास्टर तिनं तिथेच, सुनेच्या मोरीत बसून ओतलं.

दादाला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसला. लांब्या म्हणे! आप्पा उंच होते हे कबूल, पण उंच तर जिराफही असतो, तो काय लढाईला गेला होता? प्रत्येक पलटणीत एक लांब्या असतो, एक बुटक्या असतो, एक काळ्या असतो. तिला हे पटलं. पटलं म्हणून ती आणखी गोंधळली. लांब्या म्हणजे आप्पा असं तिनं म्हटलंच नव्हतं. दादानंच ते गृहीत धरून खोडून काढलं होतं. आणि समजा आप्पाच, तर धरलं कुणी होतं आणि सोड कोण म्हणत होतं? आप्पा त्याला ओढून पलीकडे नेत होते, की तो आप्पांना? की पलीकडे पोचूनही आप्पांनी सोडलं नाही, नुसतेच धरून राहिले, इतकं की दुसऱ्याला सांगावं लागलं? घोंगड्यांच्या गठ्ठ्यांमागे उभे असलेले आप्पा तिला दिसत होते तेवढेच स्पष्ट छातीभर पाण्यातलेही दिसत होते, आणि दोन्हीकडे त्यांचा चेहरा तोच, पेपर वाचतानाचा. दादानं फोन ठेवण्याआधी सुचवलं, मग त्या म्हाताऱ्याला पुन्हा जाऊन विचार की सरळ. पण म्हातारा त्या दिवसापासून झोपेतच होता. आणि साचा सोलायला घेण्याच्या आदल्या दिवशी होऊनजाईल साहेबांचा फोन आला होता की तिसरे गेले. समारंभ ठरल्या दिवशीच. आता तर त्या हाताला वेगळंच महत्त्व आलं आहे. ताई, तेवढं होऊन जाईल ना?

तेव्हा तिनं सोललं. दुपारपर्यंत टेबलावर दोन हात उभे राहिले होते, एकमेकांची मनगटं धरलेले, कोपराच्या अलीकडे दोन्हीकडे तुटलेले. काम अतिशय सुबक झालं होतं. कातडीची प्रत्येक रेघ, प्रत्येक शीर, तिच्या करंगळीवरचा जुना भाजल्याचा डागसुद्धा. फक्त एक गोष्ट कुठल्याही मापानं मिळणार नव्हती: जिथे तिचा तळवा त्याच्या मनगटावर टेकला होता तिथे आत मिश्रण शिरलंच नव्हतं. तिथे त्याचं मनगट नव्हतं आणि तिचा तळवाही नव्हता. दोघांच्या मधला एकसंध दगड होता. भिंतीवर हात एकाचाच जायचा होता. म्हणजे तिला स्वतःचा हात करवतीनं काढावा लागणार. आणि तो काढला की त्या म्हाताऱ्यानं शेवटी काय धरलं होतं, याचा जगात एकमेव उरलेला पुरावा जाणार. पुरावा! तिनं स्वतःलाच टोकलं. कशाचा पुरावा? तिच्या मनगटाचा. अख्खा ठेवला तर म्हातारा भिंतीवर जाणार नाही, कारण साहेब काय, कुणीही विचारेल की हा दुसरा कोण. ती एका बाजूनं बघे, मग टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं बघे. तिनं एकदा करवत उचलली आणि तिचं पातं पुसून ठेवली.

तेवढ्यात सून आली. सुतक फिटलं नव्हतं अजून, पण तिला राहवलं नाही म्हणाली. घरात सारखी खाटेकडे जात होते, मग म्हटलं इकडे तरी यावं. टेबलाशी ती जरा लांबच थांबली, देवळाच्या पायरीशी थांबावं तशी, आणि मग जवळ येऊन तिनं एका हाताच्या बोटांवरून आपली बोटं फिरवली. खणखणीत आवाजाची ती बाई अगदी हळू बोलली. ‘अगदी बाबांचीच. हे बघा, हे पेर असं वाकडं होतं. रोज तेल लावायचे मी.’ आणि तिचे डोळे भरून आले. बोटं हिची होती.

हिनं आपला खरा हात खिशात घातला. ते पेर वाकडं होतं हे खरं. आप्पांचंही तसंच वाकडं होतं, आई नेहमी म्हणे की पोरीनं बापाचं तोंड घेतलं नाही, हात तेवढे घेतले. ही सून, जिनं म्हाताऱ्याला वर्षानुवर्षं न्हाऊमाखू घातलं, तीच जर ओळखत नसेल, तर कोण ओळखणार होतं? करवत दुसऱ्या बाजूनं चालवायची, एवढंच. भिंतीवर जाईल तो हात आप्पांचा नसेल, पण आप्पांसारखा असेल; लोक येता-जाता त्याला हात लावतील; कोठारातला असो की नदीवरचा. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तिसरा गेलाच होता. हा विचार तिच्या मनात आला असं म्हणणं बरोबर नाही. तो आधीच तिथे येऊन बसला होता, आणि सुनेनं फक्त दिवा लावला. सून अजून त्या बोटांवरून अंगठा फिरवत होती, तेल जिरवावं तसा, आणि नेमकं तेच तिला बघवेना. आपल्या बोटांना कुणी इतक्या मायेनं हात लावलेला तिला आठवत नव्हता, आणि ती माया तिची नव्हती.

‘तो माझा आहे,’ ती म्हणाली. ‘बाबांचा हा. खालचा.’

सुनेनं हात मागे घेतला. तिनं एकदा प्लास्टरकडे पाहिलं, एकदा हिच्या खिशाकडे. मग हिनं सगळं सांगितलं. थरथर, मनगट, आप्पा, कोठार, लांब्या. सांगताना ते फारच थोडं झालं, दोन-चार वाक्यांत संपलं. सून ऐकून म्हणाली की लांब्या हे नाव त्यांच्या तोंडी असायचं खरं, पण ते मलाही लांब्या म्हणायचे, डॉक्टरलाही म्हणायचे, एकदा तर कपाटाला म्हणाले. तुमचे वडील असतील, नसतील, मी कसं सांगू? आणि मग, रागानं नाही, कामाला लागावं तशी तिनं पदर खोचला आणि विचारलं, ‘कापायचंय ना? मी धरते. तुम्ही कापा.’

सुनेनं सासऱ्याचा पांढरा हात दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरला. हिनं स्वतःच्या करंगळीपासून सुरुवात केली. दुखलं नाही, दुखेल असं कुठेतरी वाटत होतं हे करवत चालू झाल्यावर तिच्या लक्षात आलं. प्लास्टरची पूड दोघींच्या हातांवर सारखीच बसत गेली. एकेक बोट सुटत गेलं आणि टेबलावर पडत गेलं, शेवटी तिचं मनगट त्याच्या मुठीतून तुकड्यातुकड्यानं कोरून काढावं लागलं. आणि मग उरला तो एकच हात. बोटं कशाभोवती तरी वळलेली. आत काही नाही. आणि त्याच्या मनगटाभोवती एक रुंद, गुळगुळीत पट्टा, जिथे ना रेघ, ना शीर, ना कातडी. कोरीव चाकू तिच्या हाताशी होता. मेणाच्या दाढांवर ती खऱ्या माणसाला फसवतील असे खाचखळगे कोरत असे. तिथल्या चार सुरकुत्या म्हणजे पोरखेळ. सून म्हणाली, इथे काहीच नाही हो. हिनं चाकू उचलला, सुनेच्या मनगटाकडे पाहिलं, स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, आणि तिथे काय असतं हेच तिला आठवेना. चाकू तिनं पाण्यात धुऊन जागेवर ठेवला. धातूत ओतायला ओताऱ्याकडे हात गेला तो तसाच गेला.

समारंभाला दादा आला, येणार नाही म्हणता म्हणता, आणि मागच्या रांगेत अवघडून बसला. भाषणं झाली. पहिला आणि दुसरा पुढच्या खुर्च्यांत शालीसारख्या जाड कापडात गुंडाळून ठेवले होते. दुसरा झोपला होता. पडदा सरकला. भिंतीवर तीन हात, काळपट, तेलकट चमकीचे. होऊनजाईल साहेबांनी तिसऱ्यापाशी आवाज खाली आणला आणि मनगटावरच्या त्या गुळगुळीत पट्ट्याकडे बोट दाखवून सांगितलं की ही लढाईतली जखम, इथे कातडीच राहिली नव्हती, तरी या वीरानं मूठ सोडली नाही. टाळ्या वाजल्या. सुनेनं दुरूनच तिच्याकडे पाहिलं. उठून उभं राहावं, सांगावं, असं हिला वाटलं. पण काय सांगणार? जखम नव्हती हे खरं. मग काय होतं, हे विचारलं असतं तर?

पहिल्या म्हाताऱ्याला उठवून भिंतीशी नेलं, स्वतःचा हात बघायला. त्यानं स्वतःच्या हाताकडे फारसं लक्ष दिलं नाही. माझाच आहे, पळून थोडाच जातोय, म्हणाला. तिसऱ्यापाशी मात्र तो थांबला. वळलेल्या बोटांच्या पोकळीत त्यानं आपलं बोट घालून पाहिलं, आत काही राहिलंय का असं. साहेब पुन्हा जखमेचं सांगू लागले तर त्यानं त्यांना हातानंच गप्प केलं.

‘जखम कुठली. यानं कुणाला तरी धरलंय,’ तो म्हणाला, आणि मागे वळला. ‘कोण आहे?’

ती सगळ्यात जवळ होती. दादाही कधी पुढे येऊन तिच्या मागे उभा राहिला होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. ज्या प्रश्नासाठी ती तिघांच्या दारी गेली होती तोच आता कुणीतरी तिला विचारत होतं, आणि तिचं उत्तर मिळेपर्यंत थांबायची त्याची तयारी दिसत होती. ‘मी’ म्हटलं असतं तर ते खरं होतं, आणि आप्पांना तिनं पुन्हा एकदा झटकून टाकल्यासारखं झालं असतं. ‘आमचे आप्पा’ म्हटलं असतं तर दादा मागून खाकरला असता, की नसता? तिनं आयुष्यात माप पडताळून न पाहता कुणाच्या तोंडात कवळी बसवली नव्हती.

‘खात्री नाही,’ ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान हलवली. ‘नसेल. पाण्यात कुठली खात्री,’ तो म्हणाला. ‘पण आहे ना कुणीतरी?’

‘आहे,’ मागून दादा म्हणाला.

तिनं वळून पाहिलं. दादा भिंतीकडे बघत होता, आणि आपणच बोललो हे जणू त्याला कळलं नव्हतं. तेवढ्यात छायाचित्रकार ओरडला की मधले लोक बाजूला व्हा, फक्त मानकरी आणि साहेब. सगळे सरकले. तीही सरकली; मग म्हातारा डोलतोय असं वाटून तिनं त्याला आधार द्यायला हात पुढे केला; मग फोटोत आपण यायचं की नाही हे न कळून मागे झाली. दुसऱ्या दिवशी तो फोटो छापून आला. त्यात साहेब होते, हसणारा म्हातारा होता, झोपलेला म्हातारा होता, भिंत होती. आणि कडेला, चौकटीनं मनगटापाशी कापलेला एक हात, पहिल्या म्हाताऱ्याचं मनगट धरलेला. खाली सगळ्यांची नावं ओळीनं दिली होती. हाताच्या जागी काय लिहावं हे कुणाला सुचलं नसावं.